इमारतीचे ऊर्जा मानांकन : कोल्हापुरात पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

ऊर्जा मानांकनाची चौकशी करायला येणारी मंडळी बहुधा एखाद्या प्रकल्पाचे गुळगुळीत माहितीपत्रक हातात घेऊन येतात. त्याऐवजी त्यांनी महावितरणची मागच्या बारा महिन्यांची बिले आणि इमारतीचा मंजूर नकाशा आणला, तर निम्मे काम पहिल्याच बैठकीत होते. मानांकन हा मुळात दोन आकड्यांचा भागाकार आहे : वर्षभरात किती युनिट जळले आणि ते किती चौरस मीटर जागेसाठी जळले. बाकीचे सारे या भागाकाराभोवती उभे केलेले नियम आहेत. हे नियम समजण्यासारखे आहेत. फक्त ते कोणत्या क्रमाने हाताळायचे हे ठाऊक असावे लागते. शाहूपुरीतील व्यापारी संकुलाचा मालक असो, नागाळा पार्कातील गृहनिर्माण संस्थेचा सचिव असो किंवा पाच गुंठ्यांवर स्वतःचे घर बांधणारा गृहस्थ असो, क्रम साधारण सारखाच राहतो.

आधी आपल्याला काय हवे आहे ते ठरवा

नवख्या माणसाची सर्वांत मोठी गल्लत इथे होते. संहिता, तारांकन आणि हरित प्रमाणपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना त्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात.

संहिता म्हणजे बांधकाम कसे असावे याचा किमान नियम. केंद्र सरकारच्या ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खाली ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘बीईई’, २००२ साली स्थापन झाली. तिने व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. ज्या इमारतीचा जोडभार, म्हणजे जोडलेल्या सर्व उपकरणांची मिळून क्षमता, १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक आहे, अथवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी करार केलेली कमाल मागणी, १२० केव्हीए किंवा त्याहून अधिक आहे, ती या संहितेच्या कक्षेत येते. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. तिचा पहिला भाग केवळ इमारतीच्या बाह्य आवरणाविषयी, म्हणजे भिंती, छप्पर आणि खिडक्या यांविषयी आहे. दुसरा भाग २०२१ मध्ये आला. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दोन्ही संहितांच्या २०२४ च्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत, त्यामुळे आर्किटेक्टने दाखवलेली प्रत कोणत्या वर्षाची आहे हे आवर्जून पाहावे. जुन्या प्रती अजून पुष्कळ फिरत असतात.

तारांकन म्हणजे चालू इमारत प्रत्यक्षात किती वीज खाते याचे मोजमाप. फ्रिजवर किंवा एसीवर जशी तारे असलेली चिकटपट्टी असते, तशीच बीईईने २००९ पासून कार्यालयीन इमारतींसाठी एक ते पाच ताऱ्यांची योजना सुरू केली आणि पुढे ती बीपीओ, मॉल आणि रुग्णालये यांच्यापर्यंत नेली. घरांसाठीचे लेबल २०१९ मध्ये आले.

हरित प्रमाणपत्राचा आवाका या दोन्हींहून मोठा असतो. त्यात विजेबरोबर पाणी, कचरा, बांधकाम साहित्य, जागेची निवड, अंतर्गत हवा हे सारे गुणांत धरले जाते. ग्रीहा, आयजीबीसी, लीड, एज ही त्यातली ओळखीची नावे. एखाद्या इमारतीला हरित प्रमाणपत्र आहे म्हणून तिचे वीजबिल कमी येईलच असे नाही, कारण गुण पाण्याचेही असतात आणि झाडांचेही. ज्याला केवळ वीजबिलाची चिंता आहे त्याने तारांकनाकडे वळावे. ज्याला नव्या बांधकामात वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, हवा आहे त्याने हरित प्रमाणपत्राकडे वळावे. ज्याचा प्रकल्प संहितेच्या कक्षेत येतो त्याला मात्र निवडीचा प्रश्नच उरत नाही.

उभ्या इमारतीचा हिशोब स्वतः करून पाहा

सल्लागार नेमण्यापूर्वी हा हिशोब स्वतः करावा असे माझे ठाम मत आहे. त्याला कागद, कॅल्क्युलेटर आणि एक दुपार लागते. यातून निघणाऱ्या आकड्याला ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक म्हणतात आणि तो दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट असा मांडला जातो.

पहिल्यांदा युनिटांची बेरीज घ्या. सलग बारा महिन्यांची बिले समोर ठेवा. मार्च ते फेब्रुवारी घ्या किंवा एप्रिल ते मार्च, पण उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यात आले पाहिजेत. बिलावर मागील महिन्यांच्या वापराची पट्टी छापलेली असते, तिच्यावर भागवू नका; प्रत्येक महिन्याचे मूळ बिल पाहा. एखाद्या महिन्यात मीटर नादुरुस्त होते किंवा रीडिंग घेता आले नाही म्हणून सरासरीचे बिल आले असेल, तर पुढच्या बिलात त्याची दुरुस्ती झाली आहे का ते तपासा, अन्यथा त्या दोन महिन्यांचे आकडे खोटे बोलतात. इमारतीत एकाहून अधिक मीटर असतील, म्हणजे लिफ्ट व पंपाचा वेगळा आणि गाळेधारकांचे वेगळे, तर सर्वांची बेरीज हवी.

मोठ्या जोडणीचे मीटर सीटीवर, म्हणजे प्रवाह ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, चालते आणि बिलावर एक गुणक छापलेला असतो. आधीच्या व आताच्या रीडिंगमधला फरक ६५० असेल आणि गुणक २० असेल, तर त्या महिन्याचा वापर १३,००० युनिट होतो. माझ्या पहिल्याच कामात मी रीडिंगचे फरक मांडत गेलो आणि गुणक विसरलो. निर्देशांक तीनच्या आसपास आला आणि मी तो मोठ्या अभिमानाने मालकांसमोर ठेवला. त्यांच्या हिशोबनीस बाईंनी चष्मा वर करून एवढेच विचारले, “मग महिन्याला सव्वा लाखाच्या वर बिल आम्ही कशाचं भरतोय?” तेव्हापासून मी युनिटांचा आकडा बिलाच्या रकमेशी एकदा ताडून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

जनरेटर असेल तर त्याचे युनिटही धरायचे. त्याला वेगळे मीटर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आजपासून बसवा, कारण डिझेलच्या पावत्यांवरून काढलेला अंदाज तपासणीत टिकवणे कठीण जाते. गच्चीवरील सौर पॅनेलमधून तयार झालेली वीज मात्र या बेरजेतून वगळली जाते.

आता क्षेत्रफळ. कोल्हापुरात जागा गुंठ्यात आणि बांधकाम चौरस फुटांत बोलले जाते, तर मानांकनाला चौरस मीटर लागतात. म्हणून चौरस फुटांना १०.७६४ ने भागा. क्षेत्रफळ मंजूर नकाशावरून घ्यावे, घरफाळ्याच्या पावतीवरून घेऊ नये, कारण आकारणी कधी झाली आणि त्यानंतर काय वाढवले याचा तिथे मेळ बसतोच असे नाही. तळघर आणि पार्किंग यांचे क्षेत्र वजा करायचे. हे वजा करणे किती निर्णायक ठरते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

एका कार्यालयीन इमारतीचे एकूण बांधकाम ३१,००० चौरस फूट आहे आणि त्यातले ५,२०० चौरस फूट पार्किंग आहे. उरले २५,८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २,३९७ चौरस मीटर. वर्षाचे महावितरणचे युनिट १,५६,००० आणि जनरेटरचे १,८००, एकूण १,५७,८००. भागाकार केला की ६५.८ येतात. इमारतीचा निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित आहे. उदाहरणापुरता उष्ण-दमट हवामान विभागाचा, म्हणजे देशाचे हवेनुसार जे भाग पाडले आहेत त्यांपैकी एकाचा, २००९ च्या योजनेतील मूळ तक्ता घेऊ : ८५ ते ७५ ला एक तारा, ७५ ते ६५ ला दोन, ६५ ते ५५ ला तीन, ५५ ते ४५ ला चार आणि ४५ च्या खाली पाच. ही इमारत दोन ताऱ्यांत बसते. आता कोणी पार्किंग वजा करायला विसरला, किंवा ‘विसरला’, तर क्षेत्र २,८८० चौरस मीटर होते, निर्देशांक ५४.८ वर येतो आणि तीच इमारत कागदावर चार ताऱ्यांची होते. तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा पार्किंगच का मोजतो हे यावरून ध्यानात येईल.

त्याच इमारतीला तिसरा तारा किती दूर आहे? निर्देशांक ६५ च्या खाली आणण्यासाठी वर्षाला साधारण २,००० युनिट वाचवावे लागतील. तिथे ७५ वॉटचे ६० जुने पंखे असतील आणि ते ३० वॉटच्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्यांनी बदलले, तर दिवसाला ८ तास आणि वर्षाला २२० दिवस धरून ४,७५० युनिट वाचतात. निर्देशांक ६४ च्या खाली येतो. एवढ्या कामासाठी काचेचा दर्शनी भाग बदलण्याचे अंदाजपत्रक कोणी पुढे केले, तर त्याला आधी पंखे मोजायला सांगावे.

कोणता तक्ता लावायचा

तक्ता निवडताना दोन प्रश्नांची उत्तरे लागतात. पहिला, वातानुकूलित क्षेत्र निम्म्याहून जास्त आहे की कमी. त्याच उष्ण-दमट विभागात निम्म्याहून अधिक वातानुकूलित कार्यालयाला २०० ते १७५ निर्देशांकावर एक तारा आणि १०० च्या खाली पाच तारे मिळतात, म्हणजे मोजपट्टी दुपटीहून सैल आहे. म्हणून प्रत्येक मजल्यावर कुठल्या खोलीत एसी आहे हे नकाशावर रंगवून त्या खोल्यांचे क्षेत्र मोजावे. मोघम ‘बहुतेक सगळीकडे एसी आहे’ हे उत्तर चालत नाही.

दुसरा प्रश्न हवामान विभागाचा. इथे कोल्हापूरकराचा अभिमान आडवा येतो. “आमची हवा थंड, आम्ही समशीतोष्ण” असे सांगून लोक मोकळे होतात. जुलैत पंचगंगेला पूर आलेला असताना आणि एप्रिलच्या दुपारी उद्यमनगरच्या पत्र्याखाली उभे असताना ही हवा एकच वाटत नाही, हे खरे. पण विभाग आपल्या अनुभवावरून ठरत नाही. संहितेच्या परिशिष्टात शहरांची यादी आणि नकाशा दिलेला असतो, त्यातून तो घ्यावा आणि अर्जात तोच लिहावा.

तारांकनाचा अर्ज

अर्ज बीईईच्या संकेतस्थळावरून होतो. इमारत वर्षभर पूर्ण वापरात असली पाहिजे. अर्धे गाळे रिकामे असताना मिळालेला सुंदर निर्देशांक हा रिकामपणाचा असतो. अर्जासोबत बारा महिन्यांची बिले, मंजूर भाराचा तपशील, क्षेत्रफळाचा दाखला, वातानुकूलित क्षेत्राची यादी आणि जनरेटरच्या नोंदी लागतात. योजना १०० किलोवॅट व त्यावरील जोडभाराच्या इमारतींसाठी आखलेली होती, त्यामुळे एखाद्या पतसंस्थेच्या दोन मजली कार्यालयाने आधी आपला भार पाहावा आणि मगच कागद जमवायला लागावे. अर्ज करता येत नसला तरी निर्देशांक काढण्याला कोणाची बंदी नाही, आणि संचालक मंडळापुढे तो मांडला की एसी २० वर ठेवायचा की २४ वर, हा वाद आकड्यांवर येतो.

अर्जाआधी ऊर्जा लेखापरीक्षण करून घेणे श्रेयस्कर. हे काम बीईईची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून करून घ्यावे. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण पाहते. कोटेशन मागवताना मानांकन संस्थेचे शुल्क वेगळे आणि सल्लागाराची फी वेगळी लिहून मागावी. दोन्ही एका रकमेत गुंडाळून दिले की पुढे कशाचे पैसे कोणाला गेले हे कळत नाही.

नवे बांधकाम असेल तर

इथे सारा खेळ नकाशाच्या टप्प्यावर असतो. स्लॅब पडल्यावर सल्लागार बोलावणे म्हणजे जेवण झाल्यावर मीठ वाढणे. इको-निवास संहिता मुळात ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्पांसाठी लिहिली गेली. गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे पाच गुंठ्यांचा प्लॉट या रेषेच्या किंचित वर येतो. तुमचा प्लॉट तीन गुंठ्यांचा असला तरी संहितेतील तत्त्वे वापरायला हरकत नाही; उष्णता सात-बारा पाहून आत येत नाही.

संहितेच्या पहिल्या भागात तीन-चार आकडे समजून घेतले की बाकीचे आपोआप उलगडते. छपरासाठी यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून एक अंश तापमानफरकाला किती वॉट उष्णता पलीकडे जाते तो आकडा, १.२ पेक्षा जास्त नको. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेसाठी ‘आरईटीव्ही’ नावाचा निर्देशांक आहे, तो थंड हवामान वगळता इतर विभागांत दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवा. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या ठरावीक टक्क्यांहून कमी नको. उष्ण-दमट विभागात ते १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा आहे. आरईटीव्हीचे गणित हाताने करणे कटकटीचे आहे; त्यासाठी बीईईने दिलेले गणनपत्रक वापरावे.

छपराकडे थोडे थांबून पाहू, कारण आपल्याकडच्या दोन-तीन मजली घरात वरच्या मजल्याचा सारा त्रास तिथूनच येतो. सहा इंची आरसीसी स्लॅबचे यू-मूल्य ३.३ च्या आसपास भरते, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. त्यावर आपल्याकडे सर्रास वीटबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, करतात आणि गवंडी छातीठोकपणे सांगतो की कोब्यामुळे खालची खोली गार राहील. चार इंची कोब्याने यू-मूल्य जेमतेम २.३ च्या आसपास उतरते. कोबा पाण्यासाठी आहे, उन्हासाठी नाही. त्याच स्लॅबवर पाऊण ते एक इंच जाडीच्या नव्हे, चांगल्या दोन इंची एक्सपीएस या उष्णतारोधक फोमच्या लाद्या टाकून वर जलरोधक थर आणि स्क्रीड, म्हणजे सिमेंटचा सपाट थर, केला, तर आकडा ०.६ च्या खाली येतो. एक इंचही संहितेला पुरतो, सुमारे १.० देतो, पण लाद्यांच्या सांध्यांत आणि पॅरापेटच्या कडेला जी हयगय होते ती धरता दोन इंचच बरे. काम पाहायला गेलात तर एवढेच तपासा की लाद्या एकमेकींना घट्ट भिडल्या आहेत की फटींत सिमेंटचा माल उतरला आहे. माल उतरलेली प्रत्येक फट ही उन्हासाठी ठेवलेली पायवाट असते.

वरचा थर पांढरा ठेवला तर दुहेरी फायदा. २०१७ च्या संहितेनुसार ज्या सपाट छपरावर सौर यंत्रणा नाही, त्या छपराची सौर परावर्तनक्षमता किमान ०.६० असली पाहिजे. पांढऱ्या चायना मोझॅकची आपल्याकडची जुनी रीत या नियमाच्या जवळ जाते, पण शेवाळ धरलेली मोझॅक नाही. कोल्हापूरच्या पावसात दोन वर्षांत गच्ची काळवंडते. उन्हाळ्याआधी ती घासून काढण्याचा खर्च देखभालीत धरावा. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर पत्र्याची शेड टाकण्याची पद्धत इथे घरोघर आहे. स्लॅबवर सावली पडते हे खरे, पण बाजू बंद करून त्या शेडची अडगळीची खोली केली की आतली तापलेली हवा रात्री उशिरापर्यंत तिथेच राहते. शेडला परवानगी लागते, हेही विसरू नये.

भिंतींचे गणित सोपे आहे. नऊ इंची भट्टीच्या विटेची भिंत गिलाव्यासह २ च्या आसपास यू-मूल्य देते, तर आठ इंची एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची ०.८ च्या आत. इथे कोणीतरी हटकून विचारतो की मग जुन्या राजवाड्याजवळचे दगडी वाडे इतके गार कसे? प्रश्न रास्त आहे. दीड फुटी काळ्या दगडाचे यू-मूल्य विटेहून बरे मुळीच नाही. दगड उष्णता अडवत नाही, ती पोटात धरून ठेवतो आणि रात्री सोडतो. शिवाय वाड्याला चौक असतो, कौलांखाली पोटमाळा असतो आणि खिडक्या लहान व खोल असतात. यू-मूल्याला दगडाची ही साठवण दिसत नाही. म्हणून वाड्याचे अनुकरण करायचे तर नुसता दर्शनी भागाला दगड चिकटवून उपयोग नाही. चौक आणि सावलीही घ्यावी लागते.

खिडक्यांविषयी एकच गोष्ट सांगतो. रंकाळ्याच्या पूर्वेकडील फ्लॅटांची किंमत तलावाच्या देखाव्यामुळे ठरते आणि तो देखावा पश्चिमेला आहे. दिवाणखान्याला मजल्यापासून छतापर्यंत काच लावली की संध्याकाळचा तलाव सुंदर दिसतो आणि दुपारी तीन ते सहा पडदा ओढून बसावे लागते. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने वरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. उभी सावली, सरकती जाळीदार झडप किंवा खोल बाल्कनी हवी. आरईटीव्हीच्या गणनपत्रकात काचेचे मूल्य तेच ठेवून खिडकी पश्चिमेवरून उत्तरेला नेऊन पाहावी. आकडा किती उतरतो ते पाहिल्यावर ग्राहकाला वेगळे पटवावे लागत नाही.

हरित प्रमाणपत्र आणि वाढीव एफएसआय

महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० मध्ये आली. बांधकाम क्षेत्रात ती ‘यूडीसीपीआर’ म्हणून ओळखली जाते आणि कोल्हापूर महापालिका क्षेत्राला ती लागू आहे. तिच्यात हरित इमारतीला मूळ एफएसआयवर प्रोत्साहन दिले आहे : ग्रीहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी वा लीडचे सिल्व्हर मिळाल्यास ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. मूळ एफएसआयनुसार २,२०० चौरस मीटर बांधता येत असेल तर ५ टक्क्यांनी ११० चौरस मीटर, म्हणजे मध्यम आकाराचे एक-दोन फ्लॅट वाढतात. सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नव्या इमारतींना किमान तीन तारे किंवा सिल्व्हर बंधनकारकच आहे.

हे प्रोत्साहन पूर्व-प्रमाणपत्रावर, म्हणजे नकाशा पाहून आधी मिळणाऱ्या मान्यतेवर, मिळते. पण भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी कबूल केलेला दर्जा गाठला नाही, तर त्या वाढीव एफएसआयसाठी वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातील (रेडी रेकनरमधील) जमीनदराच्या दुप्पट दंड बसतो. म्हणून आधी सिल्व्हरचे गुण पक्के आहेत का ते पाहून मगच गोल्डचे नाव घ्यावे. हौसेने प्लॅटिनम लिहून ठेवणारे बिल्डर शेवटच्या सहा महिन्यांत पाणी मोजण्याच्या मीटरसाठी धावाधाव करताना दिसतात.

कोणती पद्धत घ्यावी? ग्रीहा ही टेरी या संस्थेने केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासोबत विकसित केली आणि २००७ मध्ये ती राष्ट्रीय मानांकन पद्धती म्हणून स्वीकारली गेली; शंभर गुणांपैकी २५ गुणांपासून पहिला तारा आणि ८६ पासून पाचवा. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी तिचीच ‘स्व-ग्रीहा’ ही सुटसुटीत आवृत्ती आहे आणि आपल्या शहरातील बहुतांश कामे याच आकाराची असतात. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योग संघटनेची परिषद २००१ पासून काम करते आणि तिचे मुख्यालय हैदराबादला आहे. घरे, शाळा, कारखाने अशा प्रत्येक प्रकाराला तिच्याकडे वेगळी पद्धत आहे, त्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला ती सोयीची पडते. एज ही जागतिक बँक समूहातील आयएफसीची पद्धत असून ऊर्जा, पाणी आणि साहित्यातील अंतर्भूत ऊर्जा या तिन्हींत प्रत्येकी किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. तिचे सॉफ्टवेअर सोपे आहे आणि नकाशाच्या टप्प्यावर ते नुसते खेळून पाहिले तरी बरेच शिकायला मिळते.

फ्लॅट घेणाऱ्यांनी एक शब्द नीट वाचावा : ‘प्री-सर्टिफाइड’. याचा अर्थ नकाशावर दर्जा मान्य झाला आहे, इमारतीवर नाही. अंतिम प्रमाणपत्राची प्रत मागावी, त्यावरील इमारतीचे नाव व विंग आपलीच आहे का ते पाहावे आणि तारीख पाहावी.

सौर पॅनेल कुठे बसते

गच्चीवर पॅनेल टाकले की मानांकन मिळाले, ही समजूत पीएम सूर्य घर योजनेनंतर फार फोफावली. २०२४ च्या या योजनेत घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपये अनुदान आहे आणि ते घ्यावेच. पण पॅनेल वीज तयार करते, इमारतीची भूक कमी करत नाही. बीईईचे ‘शून्य’ लेबल मात्र या दोन्हींचा मेळ घालते : ज्या इमारतीचा निव्वळ निर्देशांक ० ते १० च्या दरम्यान आहे तिला ‘शून्य’, आणि शून्याच्याही खाली गेलेल्या, म्हणजे वापरापेक्षा अधिक वीज देणाऱ्या इमारतीला ‘शून्य प्लस’. आधी छप्पर, पंखे, दिवे आणि एसी नीट करून मग पॅनेलची क्षमता ठरवली तर गच्ची कमी लागते. उलट क्रमाने गेलात तर गळक्या हौदात मोठा पाइप सोडल्यासारखे होते.

लेबल भिंतीवर लागल्यानंतर

इमारतीचे तारांकन पाच वर्षांसाठी असते आणि त्यानंतर नव्या बारा महिन्यांच्या आकड्यांवर पुन्हा अर्ज करावा लागतो. मधल्या काळात एखादा मजला रात्रपाळीच्या कॉल सेंटरला भाड्याने गेला किंवा पार्किंगचे कार्यालय झाले, तर जुना निर्देशांक त्या इमारतीचा राहत नाही. यासाठी एक साधी वही ठेवावी : दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक मीटरचे रीडिंग, गुणक, जनरेटरच्या मीटरचे रीडिंग, भरलेले डिझेल आणि त्या महिन्यात रिकामे असलेले गाळे. रीडिंग घेणाऱ्या वॉचमनची सही आणि मीटरचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत असू द्या. पुढच्या तपासणीत पार्किंग मोजून झाल्यावर तो माणूस ही वहीच मागणार आहे.